बेपत्ता साखर आणि येऊ घातलेली शंभरी

दिवाळीचा फराळ करायला बसलेल्या गृहिणीला साखर कोठून आली हा प्रश्न आज पडत नाही. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी मात्र तो पडत असे. त्या काळी मुंबईच्या बाजारात जी पांढरीशुभ्र साखर मिळे तिला लोक ‘मोरस’ म्हणत. मॉरिशस बेटावरून आलेली ती मोरस! पुढे मॉरिशसची जागा जावाने घेतली, तरी नाव मोरसच राहिले. ही साखर हाडांच्या कोळशातून गाळतात म्हणून कित्येक सोवळ्या घरांत ती देवाच्या नैवेद्याला चालत नसे, आणि स्वदेशीच्या चळवळीत तर तिच्यावर उघड बहिष्कारच पडला होता.

ही सारी साखर समुद्रावरून येई. मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावर १८८० मध्ये प्रिन्सेस गोदी झाली, १८८८ मध्ये व्हिक्टोरिया गोदी झाली, आणि त्यांच्या उत्तरेला समुद्र हटवून वखारींची व बंदरांची एक नवी वस्तीच उभी राहिली. १८८५ ते १८९० या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड रे यांचे नाव येथील रस्त्याला मिळाले. १९१० साली कुर्ल्याहून येथपर्यंत रेल्वे आली आणि स्टेशनही ‘रे रोड’ झाले. आज या बाजूला जाल तर दारूखान्यातले जुन्या जहाजांचे पत्रे, साखळदंड आणि दोरखंड दिसतील. २०२५ मध्ये खुला झालेला केबलचा पूल दिसेल. साखरेचा मात्र कोठे मागमूस नाही. आणि हीच मोठ्या अभिमानाची गोष्ट आहे. परदेशी साखरेची आवक बंद पडली ती काही आपोआप नव्हे. ती बंद पाडणाऱ्या माणसांमध्ये एक वर्ग असा आहे की ज्याचे नाव आपण क्वचितच घेतो. तो वर्ग म्हणजे साखर तंत्रज्ञांचा.

दोन संस्था

३ फेब्रुवारी १९२५ रोजी हिंदुस्थानातील पहिली विजेची आगगाडी व्हिक्टोरिया टर्मिनसहून कुर्ल्याला गेली, ती याच रे रोडवरून. योगायोग असा की, त्याच १९२५ साली साखर तंत्रज्ञांची अखिल भारतीय संस्था जन्माला आली. त्याच्या आदल्याच वर्षी हवाई बेटांतील होनोलुलू येथे ऊस तंत्रज्ञांची जागतिक संस्था स्थापन झाली होती. म्हणजे आपली माणसे जगाच्या फार मागे नव्हती. मागे होती ती आपली कारखानदारी. १९३० च्या सुमारास दरसाल दहा लाख टनांच्या घरात परदेशी साखर देशात येई आणि तिच्यात जावाचा वाटा सर्वांत मोठा असे.

१९३२ साली सरकारने साखरधंद्याला जकातीचे संरक्षण दिले आणि चित्र पालटले. तीसच्या आसपास असलेले कारखाने चार-पाच वर्षांत सव्वाशेच्या वर गेले. दख्खनमध्ये नीरा, प्रवरा आणि गोदावरी यांच्या कालव्यांखाली ऊस उभा होताच. बेलापूर कंपनीचा हरिगावचा कारखाना आधीच चालू होता. त्याच्या जोडीला आता रावळगाव, वालचंदनगर, साखरवाडी, माळीनगर, श्रीपूर अशी नावे आली. त्याच १९३२ साली पाडेगावला ऊस संशोधन केंद्र निघाले. पुंड्या ऊस मागे पडून जावाचा पी.ओ.जे. २८७८ आला, आणि त्याच्याच पोटी कोइमतूरला जन्मलेला को ४१९ हा वाण पुढे दख्खनच्या मळ्यांचा राजा झाला.

ऊस आला, यंत्रे आली. पण ती यंत्रे चालविणारी माणसे नवखी होती. कोणाचा रस आंबे, कोणाची साखर पिवळी पडे, कोणाचा बॉयलर पुरा पडत नसे. प्रत्येकाने आपापल्या माळावर एकट्यानेच डोके फोडून घ्यावे त्यापेक्षा एकत्र बसून बोलावे, या गरजेतून १९३६ साली ‘डेक्कन शुगर टेक्नॉलॉजिस्ट्‌स असोसिएशन’ ही संस्था उभी राहिली. तिचे ठाणे पुण्यास आहे. १९५० मध्ये लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी कारखाना उभा राहिला आणि शेतकरी स्वतःच कारखानदार झाला, तेव्हा याच वर्गातील माणसांनी त्याच्या यंत्रांना हात लावला. २०२६ हे या संस्थेचे नव्वदावे वर्ष, आणि २०३६ मध्ये तिची शंभरी भरेल.

अधिवेशनाचे पंचांग

अशा संस्थेचे अधिवेशन भरविणे हे लग्नकार्याहून सोपे नाही. पहिली अडचण मुहूर्ताची. दसरा-दिवाळीच्या सुमारास बॉयलरचे अग्निप्रदीपन होते, गव्हाणीत मोळी पडते, आणि मग पट्टा पडेपर्यंत चीफ केमिस्ट आणि चीफ इंजिनियर यांना घरच्या कार्यालाही सवड नसते. उन्हाळ्यात यंत्रे उघडून दुरुस्ती चालते. राहता राहिला पावसाळा. म्हणून साखरवाल्यांची अधिवेशने बहुधा पावसाळ्यात किंवा तो सरता सरता भरतात.

मुहूर्त ठरला की निबंध मागवायचे. ते शेती, यंत्रे, रसापासून साखरेपर्यंतची प्रक्रिया आणि मळी-बगॅसचे उपपदार्थ अशा शाखांत वाटायचे, जाणत्यांकडून तपासून घ्यायचे, पुस्तकरूपाने छापायचे. मग यंत्रसामग्रीचे प्रदर्शन, परगावच्या पाहुण्यांची सोय, मंत्रिमहोदयांची वेळ, ढाली आणि मानपत्रे. वर्धापनाचे वर्ष असले म्हणजे यात स्मरणिकेची आणि जुन्या सभासदांच्या सत्काराची भर पडते. यातले काहीही अनाठायी नाही. परंतु हार-तुरे आणि भोजने आटोपल्यावर अधिवेशनाने दिले काय, हा प्रश्न उरतोच. शंभरीच्या वेळी तर तो अधिकच कठोरपणे विचारला पाहिजे.

हरवलेली पोती

कारखान्याच्या प्रयोगशाळेत रोज साखरेचा जमाखर्च मांडतात. उसात साखर किती आली ती जमेस. खर्चाच्या बाजूला पोत्यांत किती गेली, बगॅसमध्ये किती राहिली, प्रेसमडमध्ये किती गेली, मळीत किती उरली. या सर्वांची बेरीज जमेइतकी यावी. ती कधीच येत नाही! थोडी साखर कोठे गेली ते कळत नाही, आणि वहीत तिला ‘अज्ञात तूट’ असे गोंडस नाव देतात.

ही साखर जाते कोठे? गिरणीच्या कोनाकोपऱ्यांत रस साचून राहिला की जंतू तिच्यावर ताव मारतात. रस आंबट राहिला आणि वर तापला की साखरेचे रूपांतर होते व ती दाणा धरत नाही. पॅनमध्ये उकळी जोराची आली की रसाचे सूक्ष्म तुषार वाफेबरोबर उडून थंड पाण्यात मिसळतात. त्या पाण्यात अल्फा-नॅफ्थॉलचे थेंब घालून खाली गंधकाम्ल सोडले की, साखर असल्यास जांभळे कडे उमटते. जुना केमिस्ट ते कडे पाहून पॅनवर धाव घेतो. काही तूट तर निव्वळ कागदावरची असते. काटा चुकतो, नमुना चुकतो.

वाचकहो, हा केवळ प्रयोगशाळेचा प्रश्न नव्हे. पाच लाख टन ऊस गाळणाऱ्या कारखान्याचा उतारा एक दशांश टक्क्याने घसरला, तर पाचशे टन साखर गेली. पन्नास किलोंची दहा हजार पोती! उसाचा किमान दरही उताऱ्यावरच ठरतो. २०२५-२६ च्या हंगामासाठी सरकारने सव्वादहा टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये दर ठरविला आणि त्यावरील प्रत्येक दशांश टक्क्याला ३ रुपये ४६ पैसे. शंभर टन ऊस घालणाऱ्या शेतकऱ्याला एका दशांशाने ३,४६० रुपयांचा फरक पडतो. त्याच्या मुलाची शाळेची फी त्या अज्ञात तुटीत वाहून गेलेली असू शकते, आणि त्याला त्याचा पत्ताही नसतो. आता तर रसाचा आणि साखर शिल्लक ठेवलेल्या ‘बी-हेवी’ मळीचा काही भाग इथेनॉलकडे वळवितात. तेवढ्यापुरता उतारा पोती मोजून न ठरता आकडेमोड करून काढावा लागतो. हिशेब जितका गुंतागुंतीचा, तितकी तूट लपायला जागा जास्त.

अपयशाचे सत्र

म्हणून शंभरीच्या अधिवेशनासाठी आमची पहिली सूचना अशी की, एक अख्खा दिवस तुटीच्या हिशेबाला द्यावा. अधिवेशनांत निबंध वाचले जातात ते बहुधा यशाचे. अमुक यंत्र बसविले आणि वाफ वाचली, तमुक वाण लावला आणि टनेज वाढले. फसलेल्या प्रयोगाचा निबंध कोण पाठविणार? संचालक मंडळ काय म्हणेल, शेजारचा कारखाना काय म्हणेल, ही भीती खोटी नाही. तिच्यावर उपाय सोपा आहे. आकडे कारखान्याच्या नावाने न मांडता खुणेच्या क्रमांकाने मांडावेत.  आपापल्या प्रयोगशाळांचे आकडे एकाच पद्धतीने काढून ते एकमेकांपुढे ठेवण्याचा पायंडा जावातल्या डच कारखान्यांनी पाडला होता. ज्यांची साखर आपण पैसे मोजून खात होतो, त्यांच्या यशाचे हेही एक गमक होते.

दुसरी सूचना पॅनवरच्या माणसाविषयी. घरी पाक एकतारी झाला की दोनतारी हे गृहिणी दोन बोटांत धरून पाहते ना? पॅनवरचा जुना कारागीरही नमुना काढून काचेवर दाणा निरखतो आणि अंगठा व तर्जनी यांच्यामध्ये तार ओढून पाहतो. आता यंत्रेच तापमान आणि दाटपणा सांगतात, आणि ते योग्यच आहे. पण यंत्र बिघडले त्या रात्री बोटांना काय कळत होते, हे लिहून ठेवणारे कोणी नाही. संस्थेने शंभरीपर्यंतची वर्षे हाताशी धरून अशा निवृत्त कारागिरांच्या मुलाखती टिपून घ्याव्यात. स्मरणिकेत अध्यक्षांच्या छायाचित्रांसाठी जितकी पाने ठेवतील, निदान तितकी यांना द्यावीत.

तिसरी सूचना फडाची. तोडलेला ऊस उन्हात पडून राहिला की त्यातली साखर कमी होऊ लागते. ती तूट कारखान्याच्या वहीत येतच नाही, कारण ती काट्याच्या आधीच झालेली असते. कोयता चालविणारी बीडकडची माणसे, बैलगाडीवाला, ट्रॅक्टरवाला आणि काट्यापुढच्या रांगेत रात्र काढणारा शेतकरी यांना व्यासपीठावर बोलवावे, आणि तेही सत्कारासाठी नव्हे तर साक्षीसाठी.

एक दुपार रे रोडला

आणि शेवटची सूचना थोडी हौसेची आहे. अधिवेशनाच्या पाहुण्यांना सहलीला नेण्याचा प्रघात असतोच. एक दुपार त्यांना मुंबईच्या या पूर्व किनाऱ्यावर आणावे. मोरस कोठून उतरत होती ते दाखवावे आणि दोन गोष्टी सांगाव्यात. पहिली ही की, ज्या जावाची साखर मुंबईत येई, त्या जावाचा इंडोनेशिया आज साखर आयात करतो, आणि अलीकडच्या काही वर्षांत भारताची साखरही जहाजांनी तिकडे गेली. दुसरी गोष्ट हवाई बेटांची. ऊस तंत्रज्ञांची जागतिक संस्था जिथे जन्मली त्या बेटांवरचा शेवटचा साखर कारखाना २०१६ च्या अखेरीस बंद पडला. संस्था मात्र चालू आहे. तिचे अधिवेशन १९५६ मध्ये आणि १९९९ मध्ये दिल्लीला व २०२३ मध्ये हैदराबादला भरले.

साखरधंद्याचे पारडे असे फिरत आलेले आहे. ते आपल्या बाजूला राहावे असे वाटत असेल तर पाणी, भाव, इथेनॉल यांची चिंता इतर लोक करतीलच. वहीतल्या त्या अज्ञात तुटीची चिंता मात्र तंत्रज्ञांवाचून दुसरे कोणी करणार नाही. शंभरीच्या स्वागत समितीने मांडवाच्या खर्चाचा अंदाज काढण्यापूर्वी प्रत्येक कारखान्याला एक साधे पत्र धाडावे आणि गेल्या दहा हंगामांतले तुटीचे आकडे मागवावेत. किती कारखाने उत्तर पाठवितात, यावरून ते अधिवेशन कसे होणार याचा अंदाज समितीला तेव्हाच येईल.