कॅमेरा नवा, पाणी तेच

हौशी पाणबुड्याचा व्हिडिओ कॅमेरा सहसा दोन प्रकारे हातचा जातो. एक तर हाउसिंगमध्ये, म्हणजे कॅमेरा ज्या जलरोधक पेटीत बंद करून पाण्याखाली नेतात तिच्यात, खारे पाणी शिरते, नाही तर बॅटरी आणि सुटे भाग मिळेनासे झाल्यामुळे चालता कॅमेराही कपाटात पडून राहतो. अशा वेळी नवा कॅमेरा शोधणारा माणूस आधी मेगापिक्सेल किती आणि मग फोर-के आहे का, एवढेच विचारतो. पाण्याखालच्या चित्रणाचा दर्जा मात्र भिंग आणि चित्रविषय यांच्यामध्ये पाणी किती आहे, ते कसे आहे आणि प्रकाश कोठून येतो यांवर अधिक ठरतो; त्यामुळे जुन्याच्या जागी नवा कॅमेरा घेताना विचाराला सुरुवात पाण्यापासूनच करायला हवी.

ग्लासभर पाणी रंगहीन दिसते, पण पाण्याचा थर जाड होत गेला की ते प्रकाशातले रंग एकेक करून शोषू लागते, आणि त्यात पहिला बळी तांबड्याचा जातो. ६५० नॅनोमीटर तरंगलांबीचा तांबडा प्रकाश शुद्ध पाण्याच्या एका मीटरमध्ये एक-चतुर्थांशाहून अधिक घटतो आणि पाच मीटरनंतर त्याचा पाचवा हिस्साही उरत नाही, तर ४५० नॅनोमीटरच्या निळ्या प्रकाशात तेवढ्याच अंतरात जेमतेम पाच टक्के घट होते. मासळीबाजारात लालभडक दिसणारी तांबोशी आठ-दहा मीटर खोलीवर खडकाच्या सावलीत करड्या-तपकिरी रंगाची वाटते, याचे कारण एवढेच की तिच्या खवल्यांवरून परावर्तित व्हायला तेथे तांबडा प्रकाशच पोहोचलेला नसतो. येथे एक बाब सहज नजरेआड होते : प्रकाशाला पृष्ठभागापासून माशापर्यंत उतरावे लागते आणि माशापासून पुन्हा भिंगापर्यंत यावे लागते, व या दोन्ही वाटांवर शोषण चालूच असते. पाच मीटर खोलीवरचा मासा तीन मीटर अंतरावरून टिपला, तर कॅमेऱ्याच्या दृष्टीने ते आठ मीटर पाणी असते. यांपैकी खोली चित्रणकाराच्या हातात नसते, पण अंतर असते.

हे झाले निवळ पाण्याचे. लक्षद्वीप किंवा अंदमानच्या प्रवाळभित्तींभोवतीचे पाणी या वर्णनाशी बरेच जुळते आणि म्हणून तेथले चित्रण निळसर येते. कोकण किनाऱ्याजवळच्या पाण्यात नद्यांनी आणि खाड्यांनी आणलेला गाळ असतो, सूक्ष्म वनस्पतिप्लवक असतात आणि कुजलेल्या पालापाचोळ्यातून विरघळलेली पिवळसर सेंद्रिय द्रव्येही असतात. ही द्रव्ये आणि प्लवकांतील हरितद्रव्य निळा प्रकाश शोषतात, तांबडा तर पाण्यानेच शोषलेला असतो, आणि मग उरतो तो हिरवा. १९८७ मध्ये घोषित झालेल्या मालवण सागरी अभयारण्याच्या परिसरात, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या खडकांवर केलेले चित्रण हिरवट आणि धूसर येते, त्यात कॅमेऱ्याचा दोष क्वचितच असतो. दर्यावर्दी ज्याला भांग म्हणतात त्या अष्टमीच्या सुमाराच्या दिवसांत भरती-ओहोटीतील फरक कमी असतो, प्रवाह मंदावतात आणि गाळ कमी ढवळला जातो, तर अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात त्याच जागी हातभर अंतरावरचेही धड दिसत नाही. कोकणात चित्रण करणाऱ्या हौशी माणसाला नव्या सेन्सरपेक्षा पंचांगातील तिथीचा उपयोग पुष्कळदा अधिक होतो, हे विधान अतिशयोक्त वाटले तरी खरे आहे.

पाणी कमी करायचे तर जवळ जायला हवे, आणि जवळ जाऊनही पूर्ण मासा किंवा प्रवाळाचा पूर्ण गुच्छ चौकटीत मावायचा असेल तर विस्तृत कोनाचे भिंग हवे. येथे वक्रीभवनाचा, म्हणजे एका माध्यमातून दुसऱ्यात शिरताना प्रकाशकिरण वाकण्याचा, प्रश्न उभा राहतो. पाण्याचा वक्रीभवनांक सुमारे १.३३ आहे. हाउसिंगच्या ज्या काचेतून कॅमेरा बाहेर पाहतो तिला पोर्ट म्हणतात. हा पोर्ट सपाट असला तर पाण्यातून येणारे किरण काच ओलांडून हवेत शिरताना बाहेरच्या बाजूला वाकतात आणि हवेत ९० अंशांचा कोन सामावणारे भिंग पाण्याखाली फक्त ६४ अंशांच्या आसपास पाहू शकते. खोक्यावर छापलेला विस्तृत कोन हवेतला असतो, त्यामुळे सपाट पोर्टमागे जाणारा कॅमेरा निवडताना तो जितका रुंद मिळेल तितका बरा.

पोर्ट अर्धगोल घुमटाच्या आकाराचा केला तर कोनाची ही हानी टळते, परंतु त्याची किंमत निराळ्या प्रकारे मोजावी लागते. पाण्यात बुडालेला घुमट स्वतःच एका अंतर्गोल भिंगाप्रमाणे वागतो आणि दूरवरच्या वस्तूची आभासी प्रतिमा स्वतःच्या पुढे, आपल्या त्रिज्येच्या सुमारे तिप्पट अंतरावर तयार करतो. म्हणजे पाच सेंटीमीटर त्रिज्येच्या घुमटामागील कॅमेऱ्याला अनंत अंतरावरचा समुद्रही अवघ्या पंधरा सेंटीमीटरवर असल्यासारखा भासतो, आणि जे भिंग इतक्या जवळ फोकस करू शकत नाही त्याला सगळेच अंधूक दिसते. गोप्रोच्या सुरुवातीच्या एचडी मॉडेलांच्या मूळ हाउसिंगवरील भिंगाचे झाकण फुगीर होते आणि आतला कॅमेरा स्थिर फोकसचा, म्हणजे फोकस बदलू न शकणारा होता. त्यामुळे लाटांवर सुरेख दिसणारे त्याचे चित्रण पाण्याखाली अस्पष्ट येई, आणि पाणबुड्यांसाठी पुढे सपाट काचेचे वेगळे हाउसिंग काढावे लागले. जुना कॅमेरा अशा पेटीत असेल आणि त्याचे पाण्याखालचे चित्रण कधीच रेखीव आले नसेल, तर कारण येथे शोधावे.

मग सेन्सरचा प्रश्न येतो, आणि तो दुय्यम असला तरी क्षुल्लक नाही. सेन्सर म्हणजे प्रकाश टिपणारी चकती. एक भागिले २.३ इंच या नावाने विकल्या जाणाऱ्या छोट्या सेन्सरचे क्षेत्रफळ सुमारे २८ चौरस मिलिमीटर असते, तर एक इंच म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सेन्सरचे ११६ चौरस मिलिमीटर, म्हणजे चौपटीहून अधिक. गढूळ पाण्यात प्रकाश तुटपुंजा असल्यामुळे हे क्षेत्रफळ पिक्सेलच्या संख्येपेक्षा महत्त्वाचे ठरते. याहून कमी चर्चिली जाणारी बाब आहे ती रंगाच्या पायऱ्यांची. आठ-बिट चित्रणात तांबडा, हिरवा आणि निळा या प्रत्येक रंगासाठी २५६ पायऱ्या असतात, तर दहा-बिट चित्रणात १०२४. हवेत हा फरक बहुतेकांच्या लक्षातही येत नाही. पाण्याखाली मात्र तांबड्या रंगाची सगळी माहिती तळच्या वीस-पंचवीस पायऱ्यांत कोंबली गेलेली असते, आणि संगणकावर संपादन करताना ती ताणून वर आणली की रंगाचे तुकडे पडतात, खवल्यांवर डाग उमटतात. दहा-बिटमध्ये त्याच जागी चौपट पायऱ्या असल्याने रंग बराच सावरता येतो. संशोधक देर्या अक्कायनाक आणि ताली ट्रायबिट्झ यांनी २०१९ मध्ये मांडलेल्या ‘सी-थ्रू’ या पद्धतीत प्रत्येक बिंदूचे कॅमेऱ्यापासूनचे अंतर लक्षात घेऊन पाण्याचा परिणाम गणिताने वजा केला जातो आणि तिचे निकाल थक्क करणारे आहेत. परंतु सेन्सरपर्यंत जो प्रकाश पोहोचलाच नाही, तो कोणतेही गणित परत आणू शकत नाही.

तांबड्या प्रकाशाची ही तूट चित्रणाच्या वेळीच हाताळण्याचे मार्ग दोनच आहेत. पहिला रंगगाळणीचा : भिंगापुढे लावलेली तांबडी गाळणी निळा-हिरवा प्रकाश कमी करून समतोल साधते, पण तसे करताना मुळात कमी असलेला एकूण प्रकाश आणखी घटवते, म्हणून ती स्वच्छ, उजळ पाण्यातच कामाला येते, हिरव्या पाण्यासाठी किरमिजी छटेची गाळणी वापरावी लागते. दुसरा मार्ग व्हिडिओ दिव्याचा, आणि कोकणच्या पाण्यात तोच खरा आधार आहे. दिवा मात्र कॅमेऱ्याला चिकटून बसवला तर आंबोली घाटातल्या धुक्यात गाडीचे प्रखर दिवे लावल्यावर रस्त्याऐवजी धुकेच उजळावे तशी गत होते, कारण भिंगापुढचे गाळाचे कण प्रकाश थेट मागे फेकतात. दोन लहान दिवे लांब दांड्यांवर बाजूंना बसवून त्यांचा झोत किंचित बाहेरच्या दिशेने ठेवला, तर भिंगालगतचे कण अंधारात राहतात आणि मासा उजळतो. दिवा आणि गाळणी एकत्र वापरू नयेत, कारण दिव्याच्या पांढऱ्या प्रकाशातली चित्रे गाळणीमुळे तांबूस होतात. व्हाइट बॅलन्स, म्हणजे कोणता रंग पांढरा मानायचा ते कॅमेऱ्याला सांगणे, पाण्याखाली हाताने ठरवता येते की नाही, हे खरेदीपूर्वी पाहणे अत्यावश्यक आहे.

दाबाविषयीची भीती बहुधा चुकीच्या जागी असते. दर दहा मीटरला दाब सुमारे एका वातावरणाने, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला साधारण एक किलोग्रॅम भाराने वाढतो. ऐंशी चौरस सेंटीमीटरच्या झाकणावर तीस मीटर खोलीवर सुमारे २४० किलोंचा भार पडतो. परंतु हाच भार झाकणाला ओ-रिंगवर, म्हणजे सांध्यातील रबरी कड्यावर, घट्ट दाबून बसवतो आणि सांधा अधिक पक्का करतो. हाउसिंग गळते ते बहुतेक वेळा पहिल्या दोन-चार मीटरांत, कारण ओ-रिंगवर एखादा केस, वाळूचा कण किंवा टॉवेलचा धागा राहून गेलेला असतो. ओ-रिंग दर वेळी काढून, पुसून, तिला सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात लावणे आणि परत आल्यावर बंद हाउसिंग गोड्या पाण्यात बुडवून प्रत्येक बटण दाबणे, एवढ्यावर हजारो रुपये वाचतात. कोकणातली आणखी एक अडचण दमट हवेची आहे : सकाळी होडीवर बंद केलेल्या हाउसिंगमध्ये ती हवा अडकते, चालू कॅमेरा आतून तापतो, पाणी काचेला थंड ठेवते आणि आतल्या बाजूला बाष्प साचते. म्हणून हाउसिंग वातानुकूलित, कोरड्या खोलीत बंद करून त्यात सिलिका जेलच्या पट्ट्या ठेवाव्यात.

बाजारात हाउसिंगशिवाय पाण्यात नेता येणारे कॅमेरे आहेत : २०१६ च्या हीरो ५ पासून गोप्रो दहा मीटरपर्यंत, ओएम सिस्टीमचा टीजी-७ पंधरा मीटरपर्यंत, डीजेआयचा ऑस्मो ॲक्शन ४ अठरा मीटरपर्यंत. हे आकडे खोटे नाहीत, पण ते नव्या, स्वच्छ झाकणांचे आहेत, आणि बॅटरीच्या दारावरची बारीक रबरी पट्टी दोन हंगामांनी तशीच राहत नाही. आठ मीटरवरच बुडी मारणाऱ्यानेही हाउसिंग घ्यावे. जुने हाउसिंग नव्या कॅमेऱ्याला बसेल अशी आशा करण्यापूर्वी मात्र मापे तपासावीत : हीरो ५, ६ आणि ७ यांची अंगे सारखी आहेत, हीरो ८ चे वेगळे आहे. जुन्या हाउसिंगच्या प्लॅस्टिकच्या पोर्टवर बाहेरून बारीक ओरखडे असतील तर फार चिंता नको, कारण पाणी ते ओरखडे भरून काढते आणि ते जवळजवळ दिसेनासे होतात. आतल्या बाजूचे ओरखडे तसेच राहतात. स्पर्शपडदा पाण्याखाली चालत नाही, ब्लूटूथचे रिमोटही काही सेंटीमीटरपलीकडे निरुपयोगी ठरते, तेव्हा खरी, दाबता येणारी बटणे असलेलेच हाउसिंग पाहावे.

मालवण, तारकर्ली किंवा गोव्याच्या ग्रँड बेटाजवळ बुडी मारणाऱ्या हौशी माणसासाठी मोठ्या सेन्सरचा, दहा-बिट चित्रण करणारा, विस्तृत कोनाचा छोटा ॲक्शन कॅमेरा, सपाट पोर्टचे हाउसिंग आणि दांड्यांवरचे दोन दिवे हा संच सर्वांत योग्य आहे. तरतूद कमी पडत असेल तर कॅमेरा मागच्या वर्षीचा घ्यावा, पण दिवे वगळू नयेत. बोटभर लांबीच्या जीवांचे चित्रण करायचे असेल तर स्थिर फोकसचा ॲक्शन कॅमेरा उपयोगाचा नाही, तेथे टीजी-७ सारखा अगदी जवळ फोकस करणारा कॅमेरा हवा. जवळ जाण्याचा अर्थ टेकणे असा मात्र होत नाही : दगडी प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, आणि तरंगण्यावर ताबा येईपर्यंत कॅमेरा किनाऱ्यावरच ठेवणे प्रवाळाच्या हिताचे आहे.

पावसाळ्यात बुड्या बंद असतात, म्हणून खरेदी हंगामापूर्वी करावी, आणि ऑक्टोबरमधल्या पहिल्या बुडीला नवे हाउसिंग कॅमेऱ्याविना न्यावे : आत कोरड्या टिश्यू पेपरची घडी आणि ते तरंगू नये म्हणून शिशाचा तुकडा ठेवून नेहमीच्या खोलीवर अर्धा तास फिरवावे, सगळी बटणे दाबून पाहावीत, आणि वर आल्यावर कागद कोरडा निघाला तरच त्यात कॅमेरा ठेवावा.