गव्हाचे ‘मांस’ आणि विनयाचा नियम

चीनमधील बौद्ध विहारांच्या भोजनगृहांत मांसासारखा दिसणारा व तसाच चिवट लागणारा एक पदार्थ शेकडो वर्षांपासून वाढला जातो. त्याचे नाव ‘मिएन-चिन’, म्हणजे ‘पिठाचा स्नायू’. तो निव्वळ गव्हाचा असतो. बौद्ध धम्मात मांसाहार मुळातच निषिद्ध आहे, असा अर्थ यावरून काही उपासक काढतात. हा अर्थ यथार्थ आहे काय, हे पाहण्यासाठी पदार्थ आणि नियम दोन्ही समजून घेतले पाहिजेत.

गव्हाचे पीठ पाण्यात मळले की त्यातील ग्लायडिन व ग्लुटेनिन ही प्रथिने परस्परांत गुंतून चिवट जाळे तयार होते. यासच ग्लुटेन म्हणतात. घट्ट मळलेला गोळा तासभर मुरू द्यावा आणि मग पाणी बदलत चोळून धुवावा. पांढरे पिष्ट पाण्याबरोबर निघून जाते व रबरासारखा लवचिक गोळा हाती उरतो. कुरडईसाठी गव्हाचा चीक काढणाऱ्या आपल्या भगिनींना ही रीत परकी वाटणार नाही. मात्र आपल्याला चीक हवा असतो, तर या पदार्थासाठी मागे उरलेला गोळा हवा असतो. तो उकडून वा वाफवून त्याचे तुकडे सोया सॉस, आले व अळंबी यांच्या रश्श्यात शिजवितात. त्याला स्वतःची चव फारशी नसते, म्हणून तो रश्श्याची चव घेतो. अकराव्या शतकातील चिनी विद्वान शन क्वो यांनी लोखंडातील पोलादाला पिठातील या गोळ्याची उपमा दिली आहे. तेव्हा त्या काळी हा पदार्थ सुपरिचित होता, हे उघड आहे.

सुक्या ग्लुटेनमध्ये शेकडा सुमारे ७५ ते ८० भाग प्रथिने असतात. परंतु लायसिन हे आवश्यक द्रव्य त्यात अल्प असल्याने सोबत डाळ वा सोयाबीन असावे. सिलिअॅक रोग असणाऱ्यांनी मात्र तो पूर्णतः वर्ज्य करावा.

आता नियमाकडे वळू. मज्झिमनिकायातील जीवकसुत्तानुसार, प्राणी आपल्यासाठी मारल्याचे पाहिले, ऐकले किंवा तशी शंका आली, तर भिक्खूने ते मांस घेऊ नये. या तिन्ही गोष्टी नसतील तर ते घेता येते. भिक्खूंनी मत्स्यमांस सर्वथा वर्ज्य करावे, ही देवदत्ताची मागणी तथागतांनी मान्य केली नाही, असे चुल्लवग्गात नमूद आहे. भिक्षापात्रात जे पडेल ते घेणाऱ्या भिक्खूच्या जीवनाशी हा नियम सुसंगत होता.

चीनमध्ये परिस्थिती पालटली. तेथील विहारांना जमिनी होत्या व अन्न विहारातच शिजत असे. स्वयंपाकघरासाठी मांस आणणे म्हणजे संघासाठीच प्राणी मारविणे ठरले असते. लंकावतार या महायान सूत्रात मांसभक्षणाचा निषेध होताच. लिआंग वंशाचा सम्राट वू (कारकीर्द इ. स. ५०२ ते ५४९) याने भिक्खू-भिक्खुणींना मद्यमांस सोडण्यास बजाविले आणि पुढे तीच तेथील परंपरा झाली. विहारातील आचाऱ्यांना प्रथिनयुक्त व रुचकर अन्नाची गरज होती. ती गरज सोयाबीनच्या पदार्थांनी आणि ग्लुटेनने भागविली. जपानी विहारांतही हा पदार्थ ‘फू’ या नावाने रुजला.

तात्पर्य, ‘मिएन-चिन’ हे करुणेचे एका विशिष्ट देशकालातील रूप आहे. ते आदरणीय आहे, परंतु त्यावरून पालि विनयाचा अर्थ लावता येत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ (१९५७) या ग्रंथात अहिंसेची चर्चा करताना तत्त्व व नियम यांत भेद केला आहे. तत्त्व माणसाला विवेकाचे स्वातंत्र्य देते, नियम देत नाही. ज्या समाजात ताटातील अन्नावरून माणसाची शुद्धाशुद्धता ठरविली गेली, तेथे हा भेद विशेष महत्त्वाचा आहे. ज्या उपासकास मांस सोडावयाचे असेल त्याने ते प्राणिमात्रांवरील मैत्रीपोटी सोडावे आणि गव्हाचा हा पदार्थ आनंदाने शिजवावा. मात्र त्या ताटाच्या आधारे शेजाऱ्यास हीन लेखणे, हे धम्माच्या विपरीत होय.