दोष कारागिराचा की मशीनचा?
रंधा मशीनच्या नेहमीच्या तक्रारी आणि त्यांवरचे उपाय

फर्निचरच्या एका छोट्या कारखान्यात आम्ही गेलो होतो, तेव्हा मालक आणि मिस्त्री यांची वादावादी चालू होती. सागवानी दारांच्या चौकटी गिऱ्हाइकाने परत पाठवल्या होत्या. प्रत्येक पट्टीच्या शेवटच्या दोन इंचांत खळगा पडला होता. मालक म्हणत होते, "हात बिघडला तुझा, मजुरी कापणार." मिस्त्री बिचारा खाली मान घालून उभा. आम्ही लाकडाची एक सरळ पट्टी मशीनवर ठेवून पाहिली. दोष हाताचा नव्हता, टेबलाचा होता. अर्ध्या तासात मशीन सुरळीत झाले आणि मजुरीही वाचली.

असे प्रसंग अनेक कारखान्यांत घडतात. म्हणून आमच्या कारागीर व कारखानदार बांधवांसाठी रंधा मशीनच्या नेहमीच्या तक्रारी येथे देत आहोत. मात्र पहिली अट अशी की, मशीनला हात लावण्यापूर्वी मेन स्विच बंद करावा आणि प्लग काढून ठेवावा. नुसते बटण बंद करून भागत नाही.

शेवटी खळगा पडणे

लाकूड आत जाते ते पुढचे टेबल आणि रंधा मारून बाहेर येते ते मागचे टेबल. मागचे टेबल पात्याच्या सर्वात वरच्या टोकाशी अगदी समपातळीत हवे. ते खाली असेल तर पट्टीचे शेवटचे टोक पात्यावर पडते आणि खळगा होतो. ते वर असेल तर लाकूड टेबलाच्या कडेला अडते किंवा पट्टी निमुळती होते.

तपासणी सोपी आहे. मागच्या टेबलावर सरळ पट्टी ठेवून तिचे टोक ड्रमवर येऊ द्या आणि पुलीला धरून ड्रम हाताने हळू फिरवा. पात्याने पट्टी साधारण ३ मिलिमीटर सरकवावी. प्रत्येक पाते दोन्ही टोकांना तपासा. सरकणे सगळीकडे सारखे आले पाहिजे.

जाडी काढण्याच्या मशीनवर खळग्याचे कारण निराळे असते. पट्टीची टोके एकाच रोलरच्या पकडीत असतात, तेव्हा ती उचलली जातात. म्हणून लांब पट्टीला दोन्ही बाजूंनी आधार द्यावा आणि पट्ट्या एकीमागे एक लागून सोडाव्यात. दोन रोलरमधील अंतरापेक्षा आखूड तुकडा मात्र कधीही आत घालू नये.

लाटा आणि रेघा

पृष्ठभागावर लाटा दिसत असतील तर हिशेब करून पाहा. ड्रम मिनिटाला ४००० फेरे घेतो आणि पाती दोन आहेत, म्हणजे मिनिटाला ८००० काप झाले. लाकूड मिनिटाला ८ मीटर सरकत असेल तर प्रत्येक काप १ मिलिमीटरवर पडतो. पण एक पाते खाली बसले असेल तर दुसरे एकटेच कापते, आणि अंतर दुप्पट होऊन लाट डोळ्याला दिसते. पाती सारखी बसवा, लाकूड सावकाश सोडा. धार लावल्यावर पात्यांचे वजनही काट्यावर पाहावे. एक जड, एक हलके असेल तर ड्रम थरथरतो आणि बेअरिंग लवकर जाते.

लाकडावर उभी उंच रेघ उमटली म्हणजे पात्याला खाच पडली आहे. काम अडले असेल तर एक पाते थोडे बाजूला सरकवून घट्ट बसवावे. एकाची खाच दुसरे झाकते. खरा इलाज धार लावण्याचाच आहे. मुंबईत जुन्या इमारतींचे सागवान पुष्कळ वापरले जाते. त्यात मोडलेले खिळे दडलेले असतात, म्हणून आधी लोहचुंबक फिरवावे. एक खिळा सगळी पाती खराब करतो. सागवानात मुळातच वाळूसारखा अंश असतो, त्यामुळे त्यावर धार लवकर जाते हेही लक्षात ठेवावे.

रेषा उचकटणे

गाठीजवळ किंवा उलट्या रेषेवर लाकूड उचकटते. पट्टी फिरवून रेषेच्या कलाने सोडा, एका वेळी १ मिलिमीटरपेक्षा जास्त काढू नका. पावसाळ्यात ओल्या लाकडावर लव उठते. असे लाकूड आधी वाळू द्यावे.

लाकूड अडणे, मोटर तापणे

टेबलावर डिंक साचला की लाकूड अडते. तो पुसून मेणबत्तीचे मेण घासावे. तेल लावू नये, पुढे पॉलिश धरत नाही. पट्टा सैल आहे का पाहा. लांब आणि बारीक वायरवर मशीन चालवल्यास दाब कमी होऊन मोटर तापते. थ्री फेज मोटर नुसती गुणगुणत असेल तर एक फेज गेला असे समजून तत्काळ बंद करावी, नाही तर वायंडिंग जळते. हातातल्या छोट्या मशीनमध्ये ठिणग्या जास्त उडत असतील तर कार्बन ब्रश झिजले आहेत का ते पाहावे.

बोटे आणि छाती

आखूड तुकडा हाताने ढकलू नये, ढकलपट्टी वापरावी. हातमोजे आणि सैल बाह्या टाळाव्यात. ड्रमवरचे झाकण काढून काम करू नये. भुशाकडेही लक्ष द्यावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली लाकडाची धूळ माणसात कर्करोग करणारी ठरवली आहे. भुसा ओढणारा पंखा आणि तोंडावर चांगला मास्क हा खर्च वायफळ नाही.

कारखानदार बांधवांना एकच विनंती. माल बिघडला की मजुरी कापण्याआधी मशीनवर सरळ पट्टी ठेवून पाहावी. तिला खोटे बोलता येत नाही.