द्यायला आलेली माणसं

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

दिवाळी सरली की चंद्रपूर-गडचिरोलीच्या धानपट्ट्यात कापणीची घाई सुरू होते. बांध्यांमधून विळे चालू लागतात, पुंजणे रचले जातात आणि पहिलं पोतं घरात आलं की घरच्या बाईचा चेहरा जरा सैल होतो. याच सुमारास इथल्या छोट्या छोट्या ख्रिस्ती मंडळ्यांत एक सण असतो. कुणी त्याला हंगामाचा सण म्हणतं, कुणी उपकारस्तुतीचा. त्या दिवशी प्रत्येक कुटुंब घरचं काहीतरी घेऊन उपासनेला येतं. टोपलीभर नवं धान, एखादं कोहळं, वाल-पोपटीच्या शेंगा, पाय बांधलेला कोंबडा. ज्याच्याकडे शेती नाही तो दुकानातून साखरेचा पुडा आणतो. हे सगळं वेदीपुढे मांडलं जातं, प्रार्थना होते आणि मग आवारात त्याचा लिलाव होतो.

हा लिलाव एकदा तरी पाहण्यासारखा असतो. बाजारातल्या लिलावात घेणारा भाव पाडायला बघतो, इथे तो चढवायला बघतो. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा एका अंड्यावर बोली लागली होती. सात रुपयांचं अंडं पन्नासला गेलं. घेणाऱ्याने पैसे भरले आणि अंडं परत टेबलावर ठेवलं, ‘पुन्हा बोला’ म्हणून. दुसऱ्यांदा ते साठला गेलं आणि पुन्हा टेबलावर आलं. आवारात हशा पिकला होता. पोरं ओरडत होती, म्हातारी माणसं काठी आपटून बोली वाढवत होती. देवळातला पैसा आणि एवढा दंगा, हे माझ्या डोक्यात काही केल्या जुळेना.

त्या दिवशी शेजारी एक वयस्क बाई बसल्या होत्या. दुसऱ्याच्या बांधीत रोवणी-कापणीला जाणाऱ्या. मजुरीत मिळालेल्या धानातलं पायलीभर धान त्यांनी आणलं होतं. टेबलापाशी त्या गेल्या तेव्हा पाळकसाहेब त्यांना हळूच म्हणाले, ‘बाई, तुम्ही राहू द्या, घरी लागेल.’ बाई चिडल्या. ‘मागाले नाई आली जी मी, द्याले आली,’ असं म्हणून त्यांनी धान टोपलीत ओतलं आणि पदर झटकला. पाळकसाहेबांचा हेतू चांगला होता, पण त्या बाईंकडून ते काय काढून घेत होते ते त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं.

ते समजायला थोडं मागे जावं लागतं. चांद्याला ख्रिस्ती मंडळी आली ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, स्कॉटलंडच्या एपिस्कोपल चर्चच्या मिशनमार्फत. पुढे नागपूरचे बिशप झालेले अलेक्झांडर वुड यांची मिशनरी म्हणून उमेदीची वर्षं इथेच गेली. त्यांनी चांद्यावर लिहिलेलं इंग्रजी पुस्तक १९०६ साली निघालं. तिकडच्या माणसांनी, ज्यांनी चांद्याचा किल्ला कधी पाहिला नव्हता, इथल्या कामासाठी पैसा पाठवला. त्यांच्या दातृत्वाबद्दल आदरच आहे. पण याची दुसरी बाजू अशी, की इथला ख्रिस्ती माणूस बराच काळ ‘घेणारा’ ठरला. मिशनच्या शाळेत शिकणारा, मिशनचं औषध घेणारा. घेणाऱ्याची मान नेहमी थोडी खालीच असते. म्हणून पायलीभर धान ओतताना त्या बाईंची मान ताठ होती, याला फार अर्थ आहे.

बायबलमध्ये दानाचे नियम पुष्कळ आहेत. जुन्या करारात प्रथमफळ आहे, दशमांश आहे. धान कापणाऱ्यांना आवडेल असा एक नियम म्हणजे शेत अगदी बांधापर्यंत कापू नये आणि खाली पडलेला सरवा गोळा करू नये, तो गरिबासाठी आणि परक्यासाठी ठेवावा. पण आनंदाने देण्याची गोष्ट नीट उलगडते ती नव्या करारात, पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात. इसवी सन ५५-५६ च्या आसपासचं हे पत्र आहे. यरुशलेममधले विश्वासणारे अडचणीत होते, त्यांच्यासाठी पौल ठिकठिकाणी वर्गणी गोळा करत होता. करिंथ हे व्यापाराचं, पैसेवाल्यांचं बंदर. तिथल्या लोकांनी कबूल केलं होतं, पण काम रेंगाळलं होतं. तेव्हा पौल त्यांना मासेदोनियाच्या मंडळ्यांची हकिगत सांगतो. ती माणसं स्वतःच हलाखीत होती, तरी आम्हालाही या मदतीत वाटा घेऊ द्या अशी त्यांनीच गळ घातली. टक्केवारी पौल सांगत नाही. ज्याने त्याने मनात ठरवावं तसं द्यावं, कुरकुरत नको, दडपणाखाली नको, हसऱ्या मनाने देणारा देवाला आवडतो, असा त्याचा आशय आहे. तिथे मूळ ग्रीक शब्द आहे ‘हिलारोस’. खळखळून हसवणाऱ्या गोष्टीला इंग्रजीत ‘हिलेरियस’ म्हणतात, तो शब्द याच मुळातला. अंड्याच्या लिलावातला तो दंगा मला त्यानंतर खटकला नाही.

या आनंदामागचं ख्रिस्ती गणित साधं आहे. आपल्याजवळ आहे ते आधी आपल्याला मिळालेलं आहे, आपण ते पुढे सरकवतो. पौल तर म्हणतो की ख्रिस्त संपन्न असून आपल्यासाठी दरिद्री झाला. म्हणजे दान हे देवाकडून काही मिळवण्यासाठी भरलेलं शुल्क नाही, मिळालं त्याचा तो प्रतिसाद आहे. ‘शंभर द्या, हजार मिळतील’ असं सांगणारे प्रचारक हल्ली टीव्हीवर दिसतात. त्यांनी हे पत्र पुन्हा एकदा सावकाश वाचावं.

याच संदर्भात विधवेच्या दोन नाण्यांची गोष्ट नेहमी सांगितली जाते. मंदिराच्या दानपेटीत श्रीमंतांनी भरपूर टाकलं, एका विधवेने दोन दमड्या टाकल्या, आणि येशू म्हणाला की तिचं दान सर्वांत मोठं. त्या दोन दमड्या म्हणजे मजुराच्या दिवसाच्या मजुरीचा चौसष्टावा भाग. पण मार्काच्या शुभवर्तमानात या गोष्टीच्या लगेच आधी काय आहे तेही वाचायला हवं. विधवांची घरं गिळणाऱ्या धर्मपंडितांवर येशूने तिथे कोरडे ओढले आहेत. त्यामुळे ही गोष्ट सांगून गरिबाकडून शेवटचा पैसा काढणं हा तिचा विपर्यास आहे.

आणखी एक गोष्ट आपल्या भागात बोलायलाच हवी. आदिवासी भागातल्या ख्रिस्ती सेवेकडे अनेकजण संशयाने पाहतात. हे देतात ते धर्म बदलावा म्हणून, असा तो संशय. संशय सरसकट खरा नाही, पण तो हसण्यावारी नेण्यासारखाही नाही. अट घालून दिलेलं दान हा सौदा असतो. तसल्या देण्यात घेणाऱ्याचा मान जातो, आणि देणाऱ्याचा आनंदही.

अट न घालता देणारा माणूस मराठीत शोधायचा तर रेव्हरंड नारायण वामन टिळक चटकन आठवतात. त्यांच्या आयुष्याला वळण मिळालं तेच एका दानातून, आणि तेही आपल्या विदर्भातून निघालेल्या गाडीत. १८९३ च्या सुमारास नागपूरहून राजनांदगावला जाताना डब्यातल्या एका अनोळखी युरोपियन गृहस्थाने त्यांना नव्या कराराची प्रत दिली. १८९५ साली टिळकांचा बाप्तिस्मा झाला.  पुढे टिळकांच्या हातात पैसा टिकत नसे. कुणाची नड दिसली की घरातलं बाहेर जाई. त्यांचा हा देण्याचा आनंद लक्ष्मीबाईंना कितीला पडत होता, ते ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्याला ठाऊक आहे. उदार माणसाच्या घरात चूल कोण पेटवतं, हा प्रश्न त्या पुस्तकाने मराठीत हसत हसत विचारला आहे. माझ्या मते दानाविषयीच्या कुठल्याही प्रवचनाला ती आवश्यक पुरवणी आहे.

इथे आपल्याच जिल्ह्यातलं वरोऱ्याचं आनंदवन आठवल्याशिवाय राहत नाही. बाबा आमटे ख्रिस्ती नव्हते, आणि भीक म्हणून दिलेल्या दानावर त्यांचा रागच होता. त्याने माणूस लुळा होतो असं ते म्हणत. त्यांनी कुष्ठरुग्णांच्या हाती काम दिलं. १९६४ साली वरोऱ्यात आनंद निकेतन महाविद्यालय उभं राहिलं, त्यात त्याच हातांची मेहनत होती. गावाने ज्यांना दूर ठेवलं त्यांनी गावच्या मुलांना कॉलेज दिलं. पायलीवाल्या बाई आणि ही माणसं यांची जात एकच आहे, असं मला वाटतं.

तांदूळ खाणाऱ्या आपल्या मुलखाला पटेल असा एक रिवाज मिझोराममध्ये आहे. तिथल्या ख्रिस्ती घरांत स्वयंपाकाला तांदूळ घेतले की शिजवण्याआधी त्यातली एक मूठ वेगळ्या भांड्यात टाकतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून हे चालत आलं आहे. या मुठींतून जमलेला तांदूळ विकून तिथल्या चर्चची कामं होतात. आपल्याकडे कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहांसाठी साताऱ्याकडच्या बायांनी मूठमूठ धान्य बाजूला काढलं, तीच ही कल्पना. मुठीला लहान-मोठं नसतं. गरिबाची मूठ आणि श्रीमंताची मूठ साधारण सारखीच भरते.

त्या दिवशीचं अंडं चार वेळा विकलं गेलं. चौथ्यांदा ते घेतलं एका शाळकरी पोराने, वडिलांकडून दहा रुपये मागून, आणि ते कुणी परत मागू नये म्हणून खिशात घालून तो पळाला. बाईंच्या पायलीभर धानाला बोली लावायला चार-पाच जण उभे राहिले. शेवटी ते पाळकसाहेबांनीच घेतलं.