अर्ध्या सेकंदाची फलंदाजी

क्रिकेटच्या व्हिडिओ गेममधली फलंदाजी खरी वाटत नाही, ही तक्रार मैदानावर कधी ना कधी बॅट धरलेल्या माणसाकडून हमखास ऐकू येते. त्यावर उपाय म्हणून खेळाडूंचे चेहरे अधिक हुबेहूब केले जातात, प्रेक्षकांची गर्दी वाढवली जाते, फटक्यांच्या यादीत रिव्हर्स स्वीप आणि स्कूप यांची भर पडते. परंतु तक्रारीचे मूळ यांपैकी कशातही नसून फलंदाजाला निर्णयासाठी मिळणाऱ्या अत्यल्प वेळात आहे. खेळपट्टीच्या दोन टोकांच्या पॉपिंग क्रीजमधले अंतर १७.६८ मीटर असते. ताशी १४० किलोमीटर वेगाने सुटलेला चेंडू, टप्प्यानंतर त्याचा वेग मंदावतो हे धरूनही, साधारण अर्ध्या सेकंदात फलंदाजापाशी येतो, आणि डोळ्यांनी टिपलेल्या बदलानुसार हाताची हालचाल बदलायला त्यातले सुमारे २०० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग, खर्ची पडतो. मायकेल लँड आणि पीटर मॅक्लाउड या संशोधकांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात फलंदाजांच्या नजरेचा माग काढला, तेव्हा असे आढळले की फलंदाज चेंडूकडे अखंड पाहत नाही. तो हातातून सुटलेला चेंडू क्षणभर पाहतो, मग नजर चेंडूच्या पुढे जाऊन अपेक्षित टप्प्यावर झेप घेते आणि तिथे चेंडूची वाट पाहते, आणि ही झेप कसलेला फलंदाज नवख्यापेक्षा लवकर घेतो.

फलंदाजी ही अशी आधी अंदाज बांधण्याची आणि मग तो निभावून नेण्याची कला असेल, तर जुन्या गेमांची सर्वांत मोठी उणीव सहज ध्यानात येते. त्यांतल्या अनेकांमध्ये गोलंदाज धावत येत असतानाच चेंडू कुठे टप्पा घेणार हे दाखवणारी खूण खेळपट्टीवर उमटत असे. दिशा आणि टप्पा आयताच कळल्यावर उरते ते फक्त योग्य क्षणी बटण दाबणे. २००६ च्या अखेरीस आलेला ‘क्रिकेट ०७’ हा ईए स्पोर्ट्सचा गेम भारतात अफाट खेळला गेला, चाहत्यांनी नवे संघ आणि नवे गणवेश घालून तो वर्षानुवर्षे जिवंत ठेवला, आणि त्या प्रेमाला कारणही होते. मात्र कीबोर्डवर खेळणाऱ्यासाठी त्यातली फलंदाजी बव्हंशी तालाची परीक्षा होती. मेलबर्नच्या बिग अँट स्टुडिओजने २०१४ साली आणलेल्या ‘डॉन ब्रॅडमन क्रिकेट १४’ने वेगळी वाट धरली: गेमपॅडवरच्या डाव्या काठीने पाय हलवायचे आणि उजव्या काठीने फटका मारायचा. पाय आणि हात यांची अशी फारकत केल्यामुळे पुढच्या पायावर यावे की मागे राहावे हा प्रश्न खेळणाऱ्याच्या अंगावर आला आणि तो चुकण्याची मुभाही मिळाली.

ही चूक गेम कशी मोजतो, यावर सारा खरेपणा अवलंबून आहे. पहिली पद्धत निकाल आधी ठरवण्याची: बटण वेळेवर दाबले का, फलंदाजाची गुणवत्ता किती, गोलंदाजाची किती, हे घटक एकत्र करून संगणक एक संभाव्यता काढतो, तिच्या आधारे चौकार, एक धाव की झेल हे निश्चित करतो आणि मग त्या निकालाला साजेसे दृश्य दाखवतो. दुसरी पद्धत बॅट आणि चेंडू यांची खरोखर गाठ घालून निकाल काढण्याची, आणि ती वाटते तितकी सोपी नाही. पडद्यावरचे चित्र बहुधा सेकंदाला ६० वेळा नव्याने रेखाटले जाते. या प्रत्येक चित्राला फ्रेम म्हणतात, आणि एका फ्रेमपासून दुसरीपर्यंत ताशी १४० किलोमीटर वेगाचा चेंडू सुमारे ६५ सेंटीमीटर पुढे सरकतो, तर नियमानुसार बॅटची जाडी जास्तीत जास्त ६७ मिलिमीटर असू शकते. म्हणजे नुसत्या फ्रेम तपासत बसले, तर चेंडू एका क्षणी बॅटच्या पुढे आणि पुढच्याच क्षणी बॅटच्या मागे सापडेल, स्पर्श झालाच नाही असे गणित सांगेल. म्हणून दोन फ्रेमांमधला चेंडूचा आणि बॅटचा संपूर्ण मार्ग गणिताने जोडून ते कुठे भेटले हे शोधावे लागते. त्यातच खेळाडूच्या हालचाली मोशन कॅप्चरने, म्हणजे खऱ्या खेळाडूच्या अंगावर खुणा लावून केलेल्या चित्रणातून, आधीच नोंदवून ठेवलेल्या असतात. नोंदवलेला फटका दर वेळी वेगळ्या उंचीच्या चेंडूला अचूक भेटत नाही, मग तो भेटावा म्हणून बॅट किंवा चेंडू किंचित ओढून घेतला जातो. लोहचुंबकासारखी ही ओढ जाणकार प्रेक्षकाच्या डोळ्यांना लगेच खुपते.

फटक्याची वेळ चुकली तर काय होते, हे जवळून पाहण्यासारखे आहे. कव्हर ड्राइव्हमध्ये बॅट सरळ, वरून खाली आणि मग पुढे झुलते. बॅट लवकर आली तर भेटीच्या क्षणी तिचा चेहरा आभाळाकडे कललेला असतो आणि चेंडू हवेत उडतो. उशीर झाला तर चेहरा जमिनीकडे असतो आणि चेंडू पायापाशीच दबतो. पुलच्या फटक्यात बॅट आडवी फिरते, त्यामुळे लवकर फिरवल्यास चेंडू स्क्वेअर लेगच्या मागे वळतो आणि उशीर झाल्यास मिडविकेटच्या पुढे, मिड-ऑनच्या रोखाने जातो. एकाच चुकीची फळे फटक्यागणिक इतकी निराळी असताना बहुसंख्य गेम ‘लवकर’ आणि ‘उशिरा’ असे दोन शिक्के मारून सगळ्या फटक्यांना सारखीच शिक्षा देतात. बाद झालेल्याला आपण का बाद झालो हे त्यात उमगत नाही, आणि ज्या चुकीचे कारण उमगत नाही ती नशिबावर ढकलली जाते. वास्तवदर्शी फलंदाजीची खरी कसोटी इथे लागते. कडेला लागून स्लिपमध्ये गेलेला झेल पाहताना खेळणाऱ्याला आपला पाय चेंडूच्या रेषेपर्यंत पोहोचलाच नव्हता हे कळले पाहिजे.

अर्थात प्रत्येक चेंडू खऱ्या वेगाने टाकावा असा याचा अर्थ नाही. मैदानावरच्या फलंदाजामागे हजारो चेंडूंचा सराव असतो, गेम खेळणाऱ्यापाशी दोन अंगठे असतात, आणि बटण दाबल्यापासून पडद्यावर हालचाल दिसेपर्यंतचा विलंब त्याच अर्ध्या सेकंदातून कापला जातो. वेग थोडा कमी करणे ही त्यामुळे फसवणूक नव्हे. त्या बदल्यात काढून न घेण्यासारखी गोष्ट म्हणजे गोलंदाजाच्या हातातून मिळणारी माहिती. लेगस्पिनरचा गुगली मनगटाच्या वळणावरून ओळखता यायला हवा. लेगब्रेक आणि गुगली या दोहोंसाठी एकच हालचाल वापरली, तर वाचायला काही उरतच नाही. फिरकी गोलंदाजी हे या गेमांचे सर्वांत दुबळे अंग राहिले आहे, त्याचे हे एक कारण, आणि दुसरे कारण खेळपट्टी: पाचव्या दिवशी बुटांच्या खुणांमध्ये पडलेला चेंडू इतर चेंडूंपेक्षा वेगळा वागला नाही, तर कसोटी सामन्याला पाच दिवस हवेतच कशाला?

खेळणाऱ्याने चेंडू सोडून द्यावा असे गेमला वाटते का, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. मुंबईच्या क्रिकेटने ‘खडूस’ हा शब्द अभिमानाने मिरवला, कारण तिथे विकेट फेकणे हा अपराध मानला जाई. ऑफ स्टंप नेमका कुठे आहे हे जाणून बाहेरचा चेंडू निःशंकपणे जाऊ देण्यात सुनील गावसकर यांची महत्ता होती. पाच षटकांचा डाव आणि शिल्लक दहा विकेट, असा हिशेब असलेल्या गेममध्ये त्या संयमाला काहीच मोल उरत नाही. गोलंदाजही संगणकाचा असल्याने तो सोडलेल्या चेंडूंनी वैतागत नाही, टप्पा बदलत नाही, फलंदाजाच्या पायांवर चेंडू टाकून धावा देत नाही. फलंदाजी सुधारायची तर त्याआधी गोलंदाजाला आठवण आणि डावपेच द्यावे लागतील, ही गोष्ट फार क्वचित बोलली जाते.

भारतात बहुतेक लोक हे खेळ आता मोबाइलवर खेळतात. चेन्नईच्या नेक्स्टवेव्ह मल्टिमीडियाचा ‘वर्ल्ड क्रिकेट चॅम्पियनशिप’ आणि मुंबईच्या नॉटिलस मोबाइलचा ‘रिअल क्रिकेट’ यांनी काचेवर बोट फिरवून खेळायच्या फलंदाजीला मोठा वर्ग मिळवून दिला, तरी काचेवर बोटाला स्पर्शाने कळेल असा आधार नसतो आणि अंगठा पडद्याचाच काही भाग झाकतो. याच्या अगदी दुसऱ्या टोकाला, डोळ्यांवर चष्म्यासारखा पडदा चढवून आभासी मैदानात उतरवणारे तंत्रज्ञान आहे. हैदराबादच्या प्रोयुगा या कंपनीचा ‘आयबी क्रिकेट’ त्या प्रकारातला. इथे हात खरोखर फिरतो, नजर खरोखर टप्प्याकडे झेप घेऊ शकते, अंतराचा अंदाज पुष्कळच खरा येतो. मात्र सुमारे १६० ग्रॅमचा चेंडू बॅटवर आदळल्यावर मनगटाला बसणारा धक्का हातातल्या यंत्राच्या कंपनाने पुरता भरून निघत नाही, आणि घरातल्या खोलीत पुढच्या पायावर लांब पाऊल टाकायला जागा नसते, त्यामुळे फटका हातांनीच मारायची सवय लागते.