घरातील बोलणे आणि मैदानावरील मैत्री

बदलीच्या गावी बिऱ्हाड लागते आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी संध्याकाळी घरातील नऊ-दहा वर्षांचे मूल वसाहतीच्या मैदानाच्या कडेला जाऊन उभे राहते. खेळ रंगात आलेला असतो, संघ आधीच पडलेले असतात, भाषाही परकी असते. एखादे मूल तसेच परत येते. दुसरे बाहेर गेलेला चेंडू चार वेळा आणून देते, मग बोटांवर धावा मोजू लागते आणि आठवडाभरात त्यांच्यातलेच एक होते. बँकेच्या नोकरीत गावे बदललेल्यांना हे दृश्य नवे नाही.

या दुसऱ्या मुलाजवळ जे असते, त्यास मानसशास्त्रात ‘सामाजिक सर्जनशीलता’ म्हणतात. माणसामाणसांतील अडचणीतून नवा आणि तरीही प्रसंगास शोभणारा मार्ग काढण्याची ही क्षमता. नुसता नवेपणा पुरत नाही. चेंडू घेऊन पळून जाणे हीसुद्धा एक नवी कल्पनाच आहे! क्रिस्तोफ मुशिरू आणि टॉड ल्युबार्ट यांनी ६ ते ११ वर्षांच्या मुलांमधील या क्षमतेचा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध केला.

तिचा पहिला सराव घरात होतो. कौटुंबिक संवादाचा विचार करणारे अभ्यासक दोन गोष्टी पाहतात : घरात मोकळी चर्चा किती होते आणि वडीलधाऱ्यांच्या मताशी एकमत होण्याचा आग्रह किती असतो. जॅक मॅक्लिऑड आणि स्टीव्हन चॅफी यांनी १९७२ च्या सुमारास मांडलेल्या या विचारास डेव्हिड रिची व मेरी अ‍ॅन फिट्झपॅट्रिक यांनी १९९० मध्ये आजचे रूप दिले. या दोन गोष्टी परस्परविरोधी नाहीत, हे आपल्याकडे सहसा लक्षात घेतले जात नाही. शिस्त कडक आणि चर्चाही भरपूर, अशी घरे असतात. उलट, शिस्त नाही आणि बोलणेही नाही, अशीही असतात. जेवणाच्या ताटाशी प्रत्येकाच्या हातात स्वतंत्र मोबाइल असला की असे घर ओळखावे.

फरक नकार देण्याच्या रीतीत दिसतो. ‘संध्याकाळी सायकल नको, सांगितले ना!’ येथे विषय संपतो. ‘अंधारात वळणावर गाडी दिसत नाही, म्हणून नको,’ असे म्हटले की मुलाच्या हाती कारण पडते. मग ते सकाळची वेळ सुचविते, दिवा बसविण्याचे सुचविते, दादाला सोबत नेतो म्हणते. समोरच्याची काळजी ओळखून दुसरा प्रस्ताव मांडणे ते येथे शिकते, आणि मैदानाच्या कडेला हेच उपयोगी पडते. अर्थात, प्रभाव एकाच दिशेने वाहत नाही. बोलके मूल आईवडिलांनाही बोलते करते. त्यामुळे अबोल मुलाच्या पालकांस सरसकट दोष देणे योग्य नव्हे.

१० वर्षांवरील मुलांना बचत खाते स्वतः उघडून चालवू देण्याची मुभा रिझर्व्ह बँकेने २०१४ साली बँकांना दिली. असे खाते उघडताना काउंटरवर मुलाला सहज विचारावे, ‘बाळ, कशासाठी साठवणार?’ उत्तर बहुधा वडीलच देतात.