कळलावीच्या कंदातले कोल्चिसीन

श्रावण-भाद्रपदात कोकणात कुंपणाच्या कडेने आणि घाटउतारावर कळलावी फुलते. सहा पाकळ्या, सगळ्या मागे वळलेल्या, कडा नागमोडी. उमलताना हिरवट, मग पिवळ्या, शेवटी लालभडक. पानाचे टोकच ताणा होऊन शेजारच्या झुडपाला विळखा घालते. गौरीच्या पूजेत हे फूल मानाचे.

लोकवैद्यकाचा रोख मात्र जमिनीखालच्या कंदावर. बाई अडली की कंद उगाळून बेंबीभोवती, तळपायांना लेप लावायची रीत होती. कंद जालीम आहे, हे त्या जुन्या सुइणींना पक्के ठाऊक होते. म्हणूनच तो पोटात न देता बाहेरून लावायचा.

हा जालीमपणा कोल्चिसीन या अल्कलॉइडचा. पेलेतिए आणि कावाँतू या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी १८२० मध्ये ते कळलावीच्याच कुळातल्या कोल्चिकममधून वेगळे केले. आपल्या पेशींत ट्युब्युलिन या प्रथिनाचे रेणू एकमेकांना जोडले जाऊन सूक्ष्म नलिका बनतात. पेशी दुभंगताना याच नलिका गुणसूत्रे दोन बाजूंना ओढून नेतात. कोल्चिसीन ट्युब्युलिनला चिकटते, नलिका वाढत नाहीत आणि विभाजन अर्ध्यावरच अडते. माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रे असतात, हे तियो आणि लेवान यांनी १९५६ मध्ये दाखवले, तेही कोल्चिसीनने विभाजन असे थोपवूनच. गाउटमध्ये सुजलेल्या सांध्याकडे धावणाऱ्या पांढऱ्या पेशींनाही ते आवरते. म्हणून डॉक्टर आजही ते देतात.

पण ती गोळी असते अर्ध्या मिलिग्रॅमची. कंदात कोल्चिसीन किती, हे जागेनुसार, हंगामानुसार बदलते आणि नुसत्या नजरेने कोणालाच कळत नाही. औषध आणि विष यांतले अंतर इथे फार थोडे आहे. रताळे किंवा रानकंद समजून हा कंद खाल्ल्याने माणसे दगावली आहेत. काही तासांत उलट्या-जुलाब, मग अस्थिमज्जा थंडावते, वाचलेल्यांचे केस झडतात. या विषावर खात्रीचा उतारा नाही.

औषधासाठी कळलावीची लागवड तमिळनाडूत होते आणि तिथले बी कोल्चिसीन काढायला जाते. तेव्हा आपल्या रानातले कंद उपटायचे कारण उरत नाही. आणि चुकून कोणाच्या पोटात कंद गेलाच, तर त्रास सुरू व्हायची वाट पाहू नका. तडक रुग्णालय गाठा, उरलेला कंद सोबत न्या.